रेखाची वकिली आन् सुमीची सही

५ जून २००६, सोमवार
सहा महिने झाले, रोज काळा कोट इस्त्री करायचा आन् बीदरच्या कोर्टात वकील सायबाच्या मागं फायली घिऊन पळायचं. ह्याला माझी पोरगी वकिली म्हणायलीय. म्या म्हणलं, रेखे, स्वतः अर्ज कधी लिवणार? "आई, तुला काय कळतंय त्यातलं." लोकांच्या भाकरी थापून हिला उदगीरला मराठी शाळा, लातूरला कायदा शिकवला. मला कळत न्हाई. बरं.

११ जून, रविवार
गुलबर्ग्याला कायदा शिकणाऱ्या दोन पोरी रेखाचा सल्ला घ्यायला आल्या. ही खुर्चीत. इंग्रजी सुधारा, मोठा सीनियर धरा, जज्जाच्या डोळ्यात बघून बोला. पोरी लिहून घ्यायल्या. एक म्हणली, "अक्का, बीदरच्या कोर्टात अर्ज सगळे कानडीत. जड जात न्हाई?"
"सवय होते," म्हणली आन् पाणी आणाय उठली.
कानडी बोलती फाडफाड. वाचाय कुठं शिकली?
पोरी गेल्यावर कानडी पेपर हातात दिला. वाच. फोटोच बघत बसली.
"सायबाला ठाऊक हाय?"
न्हाई. सहा महिने डोकं दुखतंय, चष्मा विसरलाय, असंच चाललंय.
लई हसले मी. ती रडली. रडू दिलं.

१४ जून, बुधवार
धाकटी बहीण सुमी जनवाड्याहून आली. नवरा गेल्यापासून दिरांवर शेताच्या हिश्श्याचा दावा, रेखाच्या सायबाकडंच. कानडी कागदाची नक्कल दाखवली. परवा सोमवारी रेखानं सही घेतली म्हणं, पुढच्या तारखेचा कागद हाय. "भाची वकील, मला काय घोर." दोन भाकरी जास्त खाऊन गेली.
नक्कल म्या ठिवून घेतली व्हती, कानडी वाचणाऱ्या दुकानदार शिवप्पाअण्णाकडं नेली. दोनदा वाचली त्यानं.
"अक्का, तारखेचा न्हाई ह्यो. आपसात मिटवल्याचा हाय. सुमनबाईनं हिस्सा सोडला. दिरांनी दरसाल ज्वारी द्यायची."

१५ जून, गुरुवार
रेखाला धरलं. सायबानं सांगितलं व्हतं, मावशीला वाचून दाखव, पटलं तरच सही घे. वाचाय येत न्हाई म्हणायची लाज वाटली. अंदाजानं सांगितलं. म्या हसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी.
दोघी सायबाकडं गेलो. शांत माणूस. म्हणला, कागद मंगळवारी जज्जासमोर जाणार, तिथं मावशी नको म्हणली तर थांबंल. मग रेखाला म्हणला, "पण कामून थांबलं ते सगळ्या कोर्टाला कळंल. पहिल्या वर्षी चूक कबूल केलेल्या वकिलाकडं कोण येत न्हाई. गप्प बस, अक्षरं शीक. मावशीला ज्वारी तर मिळायलीय."
रेखानं व्हय म्हणून मान हलवली. सायबापेक्षा त्या मानेचा राग आला.

१७ जून, शनिवार
रेखा जेवत न्हाई. नको जेवू.
आज म्हणली, "तूच सांग ना मावशीला. माझं नाव नको घिऊ."
सुमीला जज्ज विचारंल, कबूल हाय का. ती तुझ्याकडं बघंल आन् कानडीत 'हौदु', व्हय, म्हणंल. तेवढ्यात शेत गेलं.
उदगीरला म्याच घातलं तुला. ते माझ्या डोक्यावर. सही माझ्या डोक्यावर घेणार न्हाई.
ही वही तुझ्या ताटाशेजारी उघडी ठिवायलेय. मराठी तर वाचाय येतंय. सोमवारी जनवाड्याच्या पहिल्या बसनं जाऊन मावशीला तुझ्या तोंडानं सांगणार का न्हाई? तू न्हाई गेलीस तर मी जाणार, आन् नावासकट सांगणार. उद्या रविवार. दिवे लागायच्या आत जबाब पायजे.