गाडीवरचा कान

नेर, ९ जून २०२५

चि. नयन,

आशीर्वाद शेवटी देईन, पटला तर. आधी हे सांग, माही स्कूटी महिनाभर तुह्यापाशी होती तवा तिच्यावर कोण फिरत होतं? मोबाईलवर हसरे चेहरे नको पाठवू. कागदावर लिही. मी डाक वाटणारी बाई आहे, मले कागद समजते.

परवा शनिवारी तुह्या खोलीवरून गाडी घेऊन निघाली. एका चौकात पोलिसानं मागून शिट्टी मारली म्हणे. माह्या बहिऱ्या कानाले ते कुठून समजावं. त्यानं आडवं येऊन चाबी काढली. मी नंबरप्लेटजवळचं कानाचं चिन्ह दाखवलं, तर तो हसला. लायसन दाखवलं. त्याच्यावर कर्णबधिर अशी नोंद आहे, तीन चकरा मारून करून घेतलेली. त्यानं कागदावर लिहून देल्लं का हे बनावट आहे, या गाडीवरचा मागल्या खेपेचा बहिराही फोन वाजल्याबरोबर बोलाले लागला होता.

चौकीत तीन घंटे बसवलं. पाठीमागं टाळ्या वाजवल्या, स्टूल आपटला. समोरच्या कपाटाच्या काचेत सगळं दिसत होतं. शेवटी मी तोंडानं आवाज काढून दाखवला. जो मी बापूजीसमोरही काढत नाही. ते हसले, तवा सोडलं. लायसन तपासणीसाठी ठेवून घेतलं. तीन गावांची डाकेची थैली आता पायी वाटून राह्यली.

तुही ताई,
वैष्णवी

यवतमाळ, १२ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. मनावर नको घेऊ, चौकातले लोक असेच राह्यतात. गाडीचं म्हणशील तर खोलीवरचा ऋतिक एक-दोन वेळा लोहारा एमआयडीसीत कामावर घेऊन गेलता. त्याले मस्करीची लय सवय. मी त्याले झापला.

पोलीस भरतीचं मैदान पास झालो, बापूजीले सांग. आता लेखी, मंग चारित्र्याची पडताळणी. अन् पायी चालून तू बारीक होशील, म्हणजे बापूजीले नवरदेव पाहाले सोपं जाईल.

लोभ आहेच, थोडा वाढवजो.

नयन

नेर, १६ जून

चि. नयन, अ. उ. आ.

तुयं पत्र बापूजीले दाखवलं. त्याइचा संशय तुह्यावरच होता, मी भांडली त्याइच्याशी. आता गपचूप सोयाबीनचं बी निवडून राह्यले.

एक गोष्ट लिहाची राह्यली होती. तो बहिरा बनलेला पोट्टा कसे हात हालवत होता ते पोलिसानं मले करून दाखवलं. कपाळावरून बोट पुसलं, मंग मूठ उघडून फुंकली. माय गेली तवा घरात बाया काहून रडून राह्यल्या ते मले समजेना. तू सहा वर्षांचा. तूच ही खूण करून मले सांगतलं. कोणत्याच शाळेत शिकवत नाही ती.

ऋतिकले तू शिकवली असशील. तसं लिही, म्हणजे मी मोकळी.

मैदान पास झालास, बरं वाटलं.

वैष्णवी

यवतमाळ, १९ जून

ताई,

ऋतिकले ती खूण येत नाही. तो गाडीवर बसलाही नाही.

माह्यापाशी लायसन नव्हतं. पहिल्या वेळी पोलिसानं अडवलं अन् कानाचं चिन्ह पाहून त्यानंच हातानं विचारलं. मी फक्त बोललो नाही. दुसऱ्या वेळी मांगं पोट्टे होते, त्याइले हसवासाठी हात हालवले. तिसऱ्या वेळी मायची खूण केली. त्याले काय समजलं कोणास ठाऊक, पण त्यानं पाठीवर हात ठेवला अन् माह्यासाठी ट्रक थांबवला. खोलीवर मी हे रंगवून सांगतलं. मंग एक दिवस त्याच्यासमोरच फोन वाजला, अन् मी उचलला.

तू गाडी न्याले आलती, तवा दुसऱ्या रस्त्यानं जा म्हणाले पाह्यजे होतं. काहून ते सांगा लागलं असतं, म्हणून म्हटलं नाही. ताई, तू चौकाकडं वळताना मले खिडकीतून दिसत होती.

ते बारीक होशील लिहिलेलं खोडाचं होतं, पण तो कागद आता तुह्यापाशी आहे.

फोन बंद करून खोलीवर ठेवला. भरतीपायी तू मले थांबवशील, अन् मी लगेच थांबीन, हे मले माहीत आहे. डाकेची पेटी चौकीच्या रस्त्यावरच आहे. हे टाकतो, आत जाऊन हेच लिहून देतो, अन् तुयं लायसन मागतो. लोभाचं काही मागत नाही.

निघालो.

नयन