घरी पोहोचणाऱ्याची धाव

मी, माधव विठ्ठल पेडणेकर, वय ७१, जहाजावरचा निवृत्त चीफ इंजिनिअर, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. हृदयाबद्दल डॉक्टर जे म्हणाले ते मला नीट कळले आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र असल्यास रद्द समजावे. तसे काही नाही, पण लिहावे लागते.

१. माझ्या एकट्याच्या नावावरचा राहता फ्लॅट पत्नी मालती हिला पूर्ण मालकीने द्यावा. चिरंजीव वरद मला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "सेल लाह, बाबा. आई कॅन स्टे विथ अस." त्याच्या मनात वाईट नाही. परंतु मी एकतीस वर्षे समुद्रावर होतो आणि हे घर तिने एकटीने चालवले. तिला विचारल्याशिवाय इथली खुर्चीही कोणी हलवू नये.

२. पान्यांची पेटी वरदला. नळ गळला की तो माणूस बोलावतो, याची मला लाज वाटते. निदान पेटीला तेल लावत जावे.

३. बेसबॉलच्या चौदा वह्या नात निहारिका हिला. अमेरिकेतल्या बंदरांत जहाज लागले की मी वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांतले सामन्यांचे वर्णन उतरवून घेत असे. १८७१ पासूनच्या व्यावसायिक सामन्यांत सर्वाधिक धावा कोणाच्या, याची यादी मला करायची होती. निहारिकेला मराठी वाचता येत नाही, पण आकडे येतात. "आजोबा, सो मेनी नेम्स, हू वन, आह?" असे विचारणारी घरात ती एकटीच.

या वह्यांबाबत एक कबुली देणे आहे. मी वाढलो क्रिकेटवर. त्यामुळे ज्याने चेंडू फटकावला त्याच्या नावावर मी धाव मांडत गेलो, तीही अकरा वर्षे. बेसबॉलमध्ये धाव लागते ती मैदानावरचे सगळे तळ (बेस) फिरून घरी, म्हणजे फटका मारण्याच्या जागी, परत पोहोचणाऱ्याला. पहिल्या हंगामात सहासष्ट धावा करून सर्वांच्या पुढे असलेला बॉस्टनचा बार्न्स माझ्या यादीत सातवा होता. १९८४ च्या गणेशोत्सवात मी ही यादी मंडळात वाचून दाखवली. माझा जहाजावरचा सोबती मनोहर सामंत सर्वांदेखत म्हणाला, "माध्या, हे क्रिकेट नव्हे. सगळं उलटं मांडलंयस." लोक हसले. मी त्याच्याशी बोलणे टाकले. घरी येऊन तपासले तेव्हा त्याचेच बरोबर निघाले. दोन वर्षे खपून मी सर्व वह्या दुरुस्त केल्या, पण त्याला सांगितले नाही. नऊ वर्षे झाली. मला त्याची फार आठवण येते.

४. वह्या खरे तर मनोहरलाच द्यायच्या होत्या. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. तेव्हा दोन्हींपैकी मी त्याला साक्षीदार करण्याचे ठरवले. वह्या त्याला मी गेल्यावर मिळाल्या असत्या. सहीसाठी मात्र त्याला मी असताना घरी यावे लागेल. त्याच्या जागी दुसरा कोणी मी शोधणार नाही.

हे ऐकून मालती चिडली. "अहो, हट्ट पुरे झाला. सही झाली नाही तर अर्धं घर वरदकडे जाईल, कळतंय ना?" मला कळत होते, तरी फोन उचलवेना. शेवटी फोन तिनेच केला. मनोहर शुक्रवारी येतो म्हणाला आहे.

ज्याच्या फटक्यावर दुसरा घरी येतो, त्याच्यासाठी त्या काळच्या तक्त्यांत रकाना नसे. चौदाव्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तो आखला आहे. मनोहर आला, तर त्यात पहिले नाव मालतीचे लिहावयाचे आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वरदने करावी.

आम्हा तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

सिंगापूर, शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९९३

माधव विठ्ठल पेडणेकर (सही)

साक्षीदार:

१. शैला गद्रे, शेजारी (सही)

२. मनोहर दिनकर सामंत (सही, खाली त्यांच्याच अक्षरात: "वही नऊ, पान बासष्ट, बेरीज अजून चुकलेली आहे. उद्या सकाळी परत येतो. वहिनींचे नाव लिहून झाले, मी पाहिले.")