धुतलेल्या गाउनांतली फुलं

बायान लेपास, सोमवार

प्रिय आणि आदरणीय माक सू,

अस्सलामु अलैकुम. गुडघे कसे आहेत, गावी कोंबड्यांनी तुला ओळखलं का, बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली ना, हे विचारायला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. (रुसलेल्या माणसानं फोन उचलू नये हे मला मान्य आहे. आईची सगळ्यात धाकटी बहीण म्हणून तुझा तो हक्कच आहे.) म्हणून हे पत्र, आजच्याच बसच्या ड्रायव्हरच्या हाती. मी ठणठणीत आहे आणि आपलं काम बंद पडू देणार नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

तू धुलाईखोलीत होतीस, त्यामुळे आत काय घडलं ते तुला कुणी धड सांगितलंच नाही. आम्ही हृदयात घालायच्या नळ्या बनवतो, आत धुळीचा कणही चालत नाही. म्हणून प्रत्येकीनं आत जाताना नवा प्लास्टिकचा गाउन घालायचा आणि बाहेर पडताना फेकायचा. आता बायका चहाला उठणार, नमाजाला उठणार, जेवायला उठणार (आमच्यातली ती परमेश्वरी नवऱ्याशी फोनवर भांडायला वेगळी उठते). दीडशे बायका, माणशी चार, म्हणजे रोज सहाशे गाउन भट्टीत. कुणाचा तरी जीव वाचवायला नळी करायची आणि तिच्यापायी शेजारच्या गावाला धूर खायला घालायचा, हे मला पटतच नव्हतं. दोन वर्षं कारखान्याच्या मॅनेजरच्या, खू साहेबांच्या मानगुटीवर बसून मी कापडी गाउन मंजूर करून घेतले. ते धुवायला तुला बोलावलं, कारण तीस वर्षं हॉटेलच्या चादरी धुतलेल्या बाईइतकं कापड दुसऱ्या कुणाला कळणार?

गेल्या गुरुवारी गाउनांच्या पिशव्या फोडल्या आणि लग्नघराचा वास सुटला. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण आपल्याकडे नवे कपडे पहिल्यांदा अंगावर चढवायचे तर घडीत चिरलेली सुवासिक पांडानची पानं आणि जाईची फुलं असायचीच, त्यामुळे मला धरून एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला थोरली बहीण मानणाऱ्या परमेश्वरीनं "काक, आज नवरी कोण गं?" असं विचारलं आणि सगळ्याजणी खिदळत आत गेल्या. पाचव्या मिनिटाला धूळ मोजणारं यंत्र बोंबलायला लागलं. आधी एसीवर संशय घेतला, मग परमेश्वरीच्या पावडरीवर (तिनं आपल्या तिन्ही मुलांची शपथ घेतली). शेवटी मी एकीच्या गाउनची टोपी झटकली, तर पाकळी थेट नळ्यांच्या ट्रेमध्ये. चार खोकी नळ्या फेकाव्या लागल्या. (कचरा कमी करण्याच्या मोहिमेचा हा पहिला दिवस.) खू साहेब शांतपणे म्हणाले, "हस्निता, कचरा कमी कर म्हटलं होतं. बाग लाव नव्हतं म्हटलं."

मग मी धुलाईखोलीत येऊन सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले. तू आमचं शुभ व्हावं म्हणून पहाटे उठून पानं चिरलीस आणि मी तुला अडाणी म्हणाले. माक सू, मी चुकले. तू तशीच पिशवी भरलीस आणि गावची बस धरलीस.

खू साहेबांनी येत्या गुरुवारी आणखी एक संधी दिली आहे. ती हुकली की कापड विकायचं आणि पुन्हा प्लास्टिक. मी ती हुकू देणार नाही. घरच्या सगळ्या थोरांना माझा सलाम सांग.

तुझी भाची,
हस्निता

ता. क. येताना गावचं तिखट लोणचं आण. म्हणजे, येणार असशील तर.

ता. क. दोन. ये. शनिवारी शहरातल्या लाँड्रीकडून गाउन धुऊन बघितले. त्यांनी तुझ्या अडीचपट पाणी ओतलं. तू शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरतेस, हे त्यांना समजावून सांगितलं तर ते हसले. एवढं पाणी नासायचं असेल तर गाउन जाळलेले काय वाईट, असं आता खू साहेबच विचारतात. बुधवारी सकाळची बस पकड, मी स्टँडवर उभी असेन.

ता. क. तीन. फुलं कुणी घातली असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की मीच घालायला लावली. तसं लिहूनही दिलं. त्यामुळे गुरुवारी काही बिघडलं तर गाउनांबरोबर मीही बाहेर. पण धुलाईखोलीच्या दारावर तुझं नाव अजून तसंच आहे. ते मी कुणाला पुसू दिलेलं नाही.