माळावरचा समेट

तीर्थरूप श्रीपतरावदादांना उदगीर मुक्कामी, औरादहून धाकट्या सुशीलेचा वाकून नमस्कार.

वहिनींचा गुडघा कसा आहे? (तेल चोळतात का नुसताच शेजारणींना दाखवतात?) तुमचा खोकला थांबला असेल. न्हाई थांबला तर तुमच्या धनराजला पुण्याहून बोलवा आणि अंगणात एखादं झाड लावून घ्या. त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांवर तेवढंच औषध आहे. इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर इकडं आता कुणाचं कुणाशी भांडण न्हाई, आणि त्याच दुःखानं हे पत्र लिहायला बसले.

आमचा घरामागचा मुरमाड माळ तुम्ही बघितलाय. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यावर दगड आणि शेळ्यांच्या लेंड्या एवढंच पिकायचं. सासरे गेले आणि तुमचे दाजी न् आमचे भावजी हरिओम, या दोघा सख्ख्या भावांची त्याच माळावरून जुंपली. (काळ्या रानासाठी माणसं एवढी भांडत न्हाईत, जेवढी मुरमासाठी भांडतात.) प्रकरण कोर्टात गेलं, दोघांनाही आत पाय ठेवायची मनाई झाली. मग काय, इकडच्या बांधावर हे, तिकडच्या बांधावर ते, हातात काठ्या. एकमेकांची शेळी जाऊ देईनात, गावातल्या कुणाला सरपणाची काडी उचलू देईनात. दोघं भांडत राहिले आणि मधे माळ आपला वाढत राहिला. जुन्या तोडलेल्या खोडांच्या मुळ्या खाली जित्याच होत्या, त्या फुटल्या. पळस, धावडा, टेंभुर्णी वर आली, पाखरांनी बोरीचं न् सीताफळाचं बी आणून टाकलं, मोर राहायला आले. कुणी पाणी घातलं न्हाई का कुणी फोटो काढला न्हाई. भावाभावांच्या वैरावर एवढं चांगलं पीक मी दुसरं पाहिलं न्हाई.

आणि आम्ही दोघी जावा. घरात मला मंजुश्रीचं नाव काढायची चोरी, तिला माझं. पण बांधावर भाकरी पोचवायच्या निमित्तानं ती तिकडून शिरायची, मी इकडून, आणि मधोमध पळसाखाली बसून आम्ही पोटभर बोलायचो. (नवऱ्यांविषयी. दुसरं काय बोलणार?) तिचं पोटातलं लेकरू गेलं तेव्हा घरात तिला रडायची सोय नव्हती, ती रडली ती तिथंच, माझ्या मांडीवर.

असं सगळं बरं चाललेलं असताना तुमचे चिरंजीव आले. संगं हिरवे सदरे घातलेली पोरंपोरी, आणि तोंडात एकच शब्द, जंगल. उजाड माळावर जंगल उभं करायचं म्हणे. माळ दोघांचा, म्हणून तो दोन्ही घरी जेवला, दोन्ही घरी डोळ्यांत पाणी आणलं, आणि पाटीवर दोघांचीही नावं घालतो म्हणाला. पाटीचं नाव काढल्याबरोबर दोघं भाऊ विरघळले. (तुम्ही, मी, वकील, अख्खी भावकी समजावून थकलो होतो. पाटी कुणाला सुचली न्हाई.) केस मागं घेतली, गळ्यात गळे पडले, मी शिरा केला. शिरा खाऊन बाहेर येतो तर माळावर जेसीबी.

मी पळत गेले. म्हणलं, “धनू, कामून मोडायलास रे? ही झाडंच हायत की!”

“आत्या, ही नुसती झुडपं आहेत,” तो गोड हसून म्हणाला. “जंगल वेगळं असतं. ते आम्ही आणलंय, टेम्पोत आहे.”

मंजुश्री तर मशीनपुढं जाऊन उभी राहिली. भावजींनी तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि पाहुण्यांना सांगितलं, “उन्हानं डोकं फिरलंय तिचं.” संध्याकाळपर्यंत माळ तळहातासारखा झाला. मोर आमच्या कौलांवर येऊन बसले आणि ओरडायला लागले, त्याचाही पोरांनी व्हिडिओ काढला.

दुसऱ्या दिवशी रोपं लावली. रोपं सह्याद्रीच्या घाटातल्या ओल्या रानातली, नाजूक. आमचा मे महिना बिचाऱ्यांना कुणी सांगितलाच नव्हता. टँकर दोनदा आला, मग रस्ता चुकला असावा. उन्हाळ्यात सगळी काडी झाली. पाटी तेवढी जगली. धनराजला त्या जंगलाबद्दल पुण्यात बक्षीस मिळालं, त्याचं अभिनंदन इथंच करून टाकते.

या पावसात मुळ्या पुन्हा फुटल्या, दादा. वीतभर पळस वर आला. मी ह्यांना म्हणलं, निदान शेळ्या तरी आवरा. तर म्हणतात, “चरू दे की. आता काय भांडण हाय का?” दोन्ही घरच्या शेळ्या मिळून चरायल्यात आणि दोघं भाऊ ओट्यावर बसून चहा मागायलेत. आम्ही जावा आता एका चुलीपुढं बसतो, पण बोलणार काय? नवरे हाताच्या अंतरावर असतात.

तुमची,
सुशीला

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. पंचमीला तुम्ही याच. जन्मभर तुम्ही लोकांच्या लग्नात भांडणं लावलीत, एकदा बहिणीसाठी लावा. भावजींच्या कानात एवढंच घाला, की दाजी त्यांना मागल्या सोयरिकीत बिनडोक म्हणाले. (म्हणाले होतेच.)

दुसरा ता. क. येऊ नका. मंजुश्रीनं पत्र वाचलं. ती म्हणते, “अक्का, दादांना कशाला तरास? पुरुषांचं भांडण पाटीवर मिटतंय. आपलं न्हाई मिटायचं.” उद्या सकाळी पाणवठ्यावर, सगळ्यांदेखत, आम्ही दोघी एकमेकींच्या सात पिढ्या काढणार आहोत. त्यानंतर नवऱ्यांना बांधावर जाऊन उभं राहावंच लागेल. कानावर आलं तर जेवण सोडू नका, आणि समेट करायला कुणालाही पाठवू नका, धनराजला तर मुळीच न्हाई. वाईट एवढंच वाटतंय की चोरून भेटायला आता आडोसा उरला न्हाई. पळस डोक्याएवढा उंच होईस्तोवर आमचं बोलणं बंद. आज चुलीपुढं बसून आम्ही शेवटचं बोलून घेतोय.