पोपटांनी खाल्लेला घास

अण्णा, तुमचा घास पोपटांनी खाल्ला. लॉकडाऊन लागल्यानंतरचा पहिला चैत्र, तुमची तिथी, आणि पुण्यात गुरुजी कोणाच्या दारात यायला तयार नाहीत, म्हणून दादाने ते काम माझ्या गळ्यात मारलं. मला हसूच आलं. जन्मभर तुम्ही मला चार माणसांत तोंड उघडू दिलं नाहीत, आणि मेल्यावर इतक्या वर्षांनी तुम्हाला जेवायला वाढणार कोण, तर मी, तेही परदेशात, विमानतळाला खेटलेल्या या बाडहूव्हडॉर्प गावात. तरी सगळं केलं. वडे तळले, खीर केली, भातावर तूप घातलं आणि मागच्या अंगणातल्या शेडच्या छपरावर कागदी प्लेट नेऊन ठेवली. विमानं जवळजवळ बंद, आकाश मोकळं, तरी कावळा म्हणून फिरकला नाही. व्हिडिओ कॉलवरून दादा म्हणाला, "अगं, अण्णांची काहीतरी इच्छा राहिली असेल. कबूल कर ना काहीतरी." "काय कबूल करू?" "काहीही. त्यांना आवडेल असं." तुम्हाला आवडलेलं माझं एकही काम मला आठवेना. तेवढ्यात पोपट उतरले. आपल्याकडचेच, हिरवे, लाल चोचीचे. कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटून वाढलेले, आता थव्याने हिंडतात. वडे पायात धरून कुरतडले, अर्धे खाली टाकले, खिरीत शिटले आणि गेले. दादा फोनमधून हाकल हाकल ओरडत होता. मी हाकललं नाही. म्हटलं, हेच तुमच्या लायकीचं.

दुसऱ्या दिवशी ते आयते जेवायला परत आले आणि तेव्हा त्यांची नजर पेटीवर गेली. कुंपणाच्या खांबाला मी एक लाकडी पेटी टांगली होती, समोर छोटंसं गोल भोक असलेली. त्यात निळ्या टोपीची, पिवळ्या पोटाची दोन पाखरं शेवाळ नेत होती. मुठीत मावतील एवढी. इथे त्यांना पिंपलमेस म्हणतात. नवरा स्वयंपाकघरात लॅपटॉपला चिकटलेला, बाहेर जायची सोय नाही, त्या दिवसांत माणसाचं तोंड बघण्यापेक्षा ती पाखरं बघणं मला बरं वाटायचं. पोपट पेटीवर बसला आणि भोकाची कड चोचीने सोलायला लागला. मी झाडू घेऊन धावले. शेजारचा म्हातारा कुंपणापलीकडून मजा बघत होता. "हे तुमच्या देशातले ना?" त्याने विचारलं. "जन्म इथलाच आहे त्यांचा," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही. फारसं काही कळावं असा तो माणूसच नव्हे. पण पुढचं बोलला ते खरं निघालं. "तू त्यांना भात घातलास, आता ते जाणार नाहीत. भोक मोठं झालं की पेटी त्यांची, नाहीतर साळुंक्यांसारख्या दुसऱ्या कोणाची. अंडी बाहेर फेकतात. भोकाभोवती पत्रा ठोक." आणि दोन हात लांब राहून त्याने आपलं ड्रिल कुंपणावर ठेवलं.

झाडू हातात तसाच होता आणि मला तुम्ही दिसलात. घरातल्या तसबिरींमागे चिमण्या घरटं करायच्या, गादीवर काड्या पडायच्या. तुम्ही स्टुलावर चढलेले आहात, मी स्टूल धरलंय, तुम्ही झाडूच्या दांड्याने तसबिरीमागचं सगळं खाली ओढता. "घर आहे की धर्मशाळा?" फरशीवर अंडं फुटतं. "पुसून घे," तुम्ही म्हणता आणि पेपर वाचायला बसता. पुढे मी नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर इकडे निघाले तेव्हाही तुम्ही पेपरमधून मान वर न करता म्हणालात, "म्हणजे आता दुसऱ्याच्या घरात काड्या न्यायच्या." किती क्षुद्र माणूस होतात तुम्ही! जाताना दिलंत काय, तर स्टीलचं पातेलं आणि त्यावरची सपाट झाकणी. तिच्या वरच्या बाजूला, कडेशी नाव कोरून घेतलेलं, तेही तुमचं. मी विचारलं तर म्हणालात, "तुझं कशाला? तुझं नाव बदलणारच आहे." ते मी बदललं नाही. बघायला तुम्ही राहिला नाहीत.

घरात दुसरा पत्रा नव्हता. मी झाकणी घेतली, मधोमध ड्रिलने गोल भोक पाडलं आणि पाखरं बाहेर गेलेली बघून ती पेटीच्या तोंडावर खिळ्यांनी ठोकली. पोपट आला. चोच स्टीलवर घसरली, पुन्हा घसरली. चार दिवस कटकट करून गेला. महिन्याभराने पेटीतून पिल्लांचा चिवचिवाट यायला लागला आणि मी अंगणात उभी राहून रडले. कशासाठी ते विचारू नका, तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

यंदाही ती पाखरं आली आहेत. दादाने तिथीची आठवण करून दिली. मी सांगितलं, घास वगैरे काही ठेवणार नाही, मेलेल्या माणसापेक्षा मला पेटी महत्त्वाची. हे पत्रही कुठे टाकणार नाही. छपरावर ठेवलं तर पोपट नेतील. फक्त एक सांगते. झाकणी उलटी ठोकली असती तर तुमचं नाव आत, अंधारात गेलं असतं. ठोकण्याआधी मी ती उलटी धरूनही पाहिली होती. मग सुलटी ठोकली. आता दर पावसानंतर ते नाव मी पदराने पुसते.