रिकामी बाबागाडी

मंगळवार, गोरेगाव (जि. गोंदिया), २०११

आज एसटीत बसलो होतो. खाली उभ्या बाईनं खिडकीतून तान्हं लेकरू पुढं केलं, "धरा ना जी बाबाजी, मी चढतो." माझे हात उठलेच नाहीत. काऊन?

दिल्लीत लेकीकडं गेलो होतो, तेव्हा अशीच जागा धरायची म्हणून नातवाला घेऊन भुयारी मेट्रोत आधी घुसलो. मागं लेक रिकामी बाबागाडी चढवून राहिली होती. दार लागलं. "थांबा, लेक राहिली!" ओरडलो. ऐकायला कंडक्टर होता कुठं? काचेपलीकडं ती आणि रिकामी बाबागाडी.

पुढच्या स्टेशनावर उतरून थांबलो. मागच्या मेट्रोनं ती आली. रागावली नाही. नातवाला बसवून पट्टा आवळला. मी ढकलायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, बाबा."