कच्च्या सिस्टिमवरची लाँड्री

प्रिय ठकू,

सगळ्यात आधी टपकली ती तुझी आत्या. चपला काढायचीही शुद्ध नाही, थेट लाँड्रीच्या काउंटरवर पर्स आपटली. मागोमाग तिने धरून आणलेला कॉम्प्युटरवाला, गळ्यात टाय, नेमका वाफेच्या इस्त्रीजवळ उभा राहून घामाने निथळतोय. मी त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. शत्रू झाला म्हणून काय झालं!

आत्याचं एकच पालुपद. तू आणि तुझ्या मैत्रिणी बनवताय ती ऑपरेटिंग सिस्टिम माझ्या कॉम्प्युटरवरून आजच्या आज काढायची. काढते बरी! पावत्या काय, गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या काय, सगळं तिच्यावरच चालतं. दर सोमवारी तू नवी कच्ची आवृत्ती पाठवतेस, मशिनं रिकामी असताना मी ती चढवते, आणि मागची चांगली चाललेली जपून ठेवते. आंधळेपणाने थोडीच करते?

आता या वेळच्या आवृत्तीत मोठ्या गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, हे खरं. दवाखान्याचे हिरवे झगे गेले हॉटेलात, हॉटेलचे टेबलक्लॉथ दवाखान्यात. हॉटेलचा मॅनेजर फोनवर नुसता फुरफुरत होता. पुन्हा चुकलं तर दुसरी लाँड्री बघतो म्हणे. दवाखान्यातली नर्स मात्र म्हणाली, आजी, कडेची नक्षी छान आहे हो! मी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिले. मग टेम्पो पाठवून कपडे बदलले, माफी मागितली, मागची आवृत्ती चढवली. झालं. आभाळ कोसळलं नाही.

टायवाला म्हणतो, आजी, चालू धंद्यात कच्चं कुणी ठेवत नाही, पक्कं होईपर्यंत थांबतात. म्हटलं, बाबा, सगळेच थांबले तर पक्कं व्हायचं कसं? पोरीच्या खोलीत दोन कुडते नि एक टॉवेल, एवढाले गठ्ठे तिला दिसणार कुठे? आणि ही माझी लेक जन्मली तेव्हा काय पक्की होती? अजून दुरुस्त्या चालूच आहेत! तो खोकल्याचं निमित्त करून हसला. आत्या लालबुंद.

पण जाता जाता तिने तुझा निरोप सांगितला, अगदी गड जिंकल्यासारखा. आजीला म्हणावं जुनंच लाव, माझ्यापायी तिची नाचक्की नको, मी हे काम सोडतेय. म्हणून हा कागद पुढे ओढला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. कागदावर मी विरघळत नाही. ऐक. नको म्हणायचा हक्क हॉटेलवाल्याला आहे, आत्याला नाही, तुला तर मुळीच नाही. चूक सापडलीय ना? मग दुरुस्त कर आणि नवी आवृत्ती पाठव. हॉटेलवाला हो म्हणाला, की त्याचाच सगळ्यात मोठा गठ्ठा तिच्यासाठी राखून ठेवीन, आणि आत्या नि टायवाल्याच्या डोळ्यांदेखत ती चढवीन. पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणून गेलेत.

तुझीच, अजून कच्चीच,
आजी